मागची सीट

वारजे, ८ जून २०२५

प्रिय नम्रता,

फोन तू उचलत नाहीस. निरोप पाठवला की शेजारी दोन निळ्या टिका येतात आणि मग काहीच येत नाही. कागदाला तसल्या टिका नसतात, म्हणून पत्र. तू हे वाचलंस की नाही, मला कळणार नाही. सध्या न कळणंच बरं वाटतं.

अमरावतीचा पत्ता बोट क्लबच्या सर्जेराव सरांकडून घेतला. तू त्यांना दर दिवाळीला फराळ पाठवतेस हे तेव्हा समजलं. मला वाईट वाटलं. घरी येताना स्कूटरवर विचार करत होते, की तू सरांशी बोलतेस आणि माझ्याशी नाही याचं वाईट वाटलं, की तुझ्या हातची करंजी चुकली याचं. दोन्ही असावं.

तीन वर्षं झाली त्या सकाळला. आपण डबलमध्ये होतो, दोघींनी वल्हवायच्या बोटीत, तू पुढच्या सीटवर, मी तुझ्या मागे. मी बेशुद्ध पडले, बोट उलटली, आणि सरांची मोटरबोट येईपर्यंत तू मला पाण्यावर धरून ठेवलंस. धक्क्यावर आणल्यावर माझ्या छातीवर तूच दाब देत राहिलीस. बरगडी मोडली आणि मी वाचले. त्याच्या पंधरवडाभर आधीच्या तापाने हृदयाच्या स्नायूला सूज आली होती, हे मला, तुला, कुणालाच ठाऊक नव्हतं. हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण आपण दोघींनी हे एकमेकींना कधी सांगितलेलंच नाही. तू दवाखान्यात एकदा आलीस, दारात उभी राहिलीस आणि गेलीस. मग बदली मागून घेतलीस.

मी बरी आहे. संध्याकाळी चालायला जाते. कॉलेजमध्ये अकरावीचे वर्ग सुरू होतील तेव्हा चालणं कमी होईल. सुदर्शन ठीक आहे, नवरा म्हणून जितका ठीक असावा तितका.

एवढंच.

भाग्यश्री


वारजे, २ जुलै

प्रिय नम्रता,

मागच्या पत्रात चालायला जाते असं लिहिलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. चालत मी क्लबपर्यंत जायचे. फेब्रुवारीपासून तिथल्या रोइंग मशीनवर बसते आहे.

सुरुवातीला सुदर्शनला सांगितलं नव्हतं. एक दिवस त्याने माझे तळहात पाहिले. "भाजी चिरून असे फोड येत असतील तर उद्यापासून मी चिरतो," म्हणाला. मग सांगितलं. तो चिडला नाही. फक्त म्हणाला, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे नाही. विचारलंस की मी गप्प."

म्हणून काल सदाशिव पेठेत डॉक्टर कुसुमताईंकडे गेले. त्यांनी आधी सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या. पट्ट्यावर पळवलं, अंगाला तारा लावून एक दिवस घरी पाठवलं, हृदयाची चित्रं काढली. काल सगळं समोर पसरून त्या एकेक कागद पुन्हा पुन्हा चाळत राहिल्या. माझ्या मनात एकच चाललं होतं, की ही बाई वाईट बातमीसाठी शब्द शोधते आहे.

मग चष्मा काढून म्हणाल्या, "हृदय उत्तम आहे. सुजेची खूणही राहिलेली नाही. आता या वयात तुम्हाला बोटींच्या शर्यती कशाला हव्यात, ते मात्र माझ्या खात्यात येत नाही. डोक्याचे डॉक्टर शेजारच्या गल्लीत बसतात."

मी म्हटलं, "म्हणजे परवानगी आहे?"

"हळूहळू वाढवायचं. छातीला ठोके मोजणारा पट्टा लावायचा, आकडा वर गेला की थांबायचं. आणि पाण्यावर एकटीने जायचं नाही. कधीच नाही. बोटीत दुसरं माणूस पाहिजे."

बाहेर पडल्यावर स्कूटरची किल्ली हातात होती आणि स्कूटर कुठे लावली ते आठवेना. तशीच फुटपाथवर उभी राहिले. एका क्लासच्या मुली बाहेर पडत होत्या, त्यांना वाट द्यायचंसुद्धा सुचलं नाही. तीन वर्षं मी छातीवर हात ठेवून झोपते, नम्रता. आत काय चाललंय याची पाळत ठेवल्यासारखी. काल रात्री कुशीवर झोपले.

तुला हे लिहिण्यामागचं कारण लपवत नाही. डिसेंबरात क्लबच्या वार्षिक शर्यती आहेत आणि त्यात चाळिशीवरच्या बायकांची डबल आहे. मला त्यात उतरायचं आहे. एकटीच्या बोटीला परवानगी नाही. चाळिशीवरची, वल्हं धरता येणारी दुसरी बाई या शहरात माझ्या ओळखीची नाही. जी होती ती अमरावतीला असते.

उत्तर नाही आलं तरी मी रागावणार नाही. (हे लिहून पुन्हा वाचलं. रागावेन थोडी.)

भाग्यश्री


वारजे, १७ ऑगस्ट

प्रिय नम्रता,

उत्तर आलं नाही.

नदी फुगलेली आहे. धरणातून पाणी सोडलंय, आपला धक्का पाण्याखाली आहे आणि बोटी शेडमध्ये पालथ्या पडल्या आहेत. म्हणजे अजून सगळा सराव मशीनवर. एका परीने बरं आहे. पाण्यावर मी स्वतःला फसवलं असतं.

तीन वर्षांच्या खंडानंतर काय होतं, ते तुला सांगते, कारण पुस्तकात वाचलं होतं तसं ते मुळीच नव्हतं. मला वाटलं होतं, ताकद गेली असेल आणि लय राहिली असेल. उलट झालं. पाय पहिल्या आठवड्यापासून जोर लावायला तयार. चुकत होता तो परतीचा प्रवास. ओढून झाल्यावर हात पुढे टाकत सावकाश सरकत जायचं, तिथे मी घाई करायचे. जणू पुढचा ओढा लवकर घेतला नाही तर कुणीतरी तो माझ्याकडून काढून घेणार होतं. सर मागे उभे राहून म्हणायचे, "भाग्यश्रीबाई, सिंहगड रोडला बस पकडायची आहे का?"

घाईमुळे आकडा चढायचा, पट्टा वाजायचा, मी थांबायचे. थांबलं की कानात छातीचे ठोके ऐकू यायचे आणि त्या ठोक्यांना घाबरून ते अजून वाढायचे. एक पूर्ण महिना असा गेला. मी हे हृदयाचं दुखणं समजत होते. ते भीतीचं होतं. दोन्हींची लक्षणं इतकी सारखी असतात हे कुणी सांगत नाही.

आता घाई गेली आहे. कशी गेली ते नक्की सांगता येणार नाही. एका सकाळी मशीनवर बसून मनात उद्याच्या तासाचा धडा घोळवत होते आणि वीस मिनिटं झाल्यावर लक्षात आलं, की ठोके मोजायला मी विसरले होते.

सरांनी सरावासाठी एक जोडीदारीण दिली आहे, तनया. हिंजवडीला नोकरी करते, तिशीची आहे, त्यामुळे शर्यतीत माझ्याबरोबर चालणार नाही. पण पाणी ओसरलं की तिच्याबरोबर बोटीत बसायला मिळेल. ती मला "ताई, यू आर सो डिसिप्लिन्ड" म्हणते. मी तिला म्हटलं, डिसिप्लिन नाही गं, डॉक्टरांनी पट्टा लावलाय.

नावं नोंदवायची मुदत नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आहे. मी फक्त कळवते आहे.

भाग्यश्री


वारजे, १२ ऑक्टोबर

प्रिय नम्रता,

हे पत्र मी तीनदा फाडून पुन्हा लिहिते आहे. जपून वाच.

गेल्या आठवड्यात नदीत उतरलो. मी आणि तनया, डबलमध्ये. सरांनी मला पुढे बसवलं. मी म्हटलं, सर, माझी सीट मागची. ते म्हणाले, "मागची सीट आता नवशिकीला. तू लय धर, ती तुझी पाठ बघून शिकेल."

खरं सांगते, मी आयुष्यात पहिल्यांदा पुढे बसले. कॉलेजपासून तू पुढे, मी मागे. तुझी पाठ मला इतकी पाठ होती की तुझा मूड मानेवरून कळायचा. आदल्या दिवशी भांडण झालेलं असेल तर डावा खांदा वर असायचा. पण पुढे बसल्यावर काय दिसतं, ते मला ठाऊक नव्हतं. काहीच दिसत नाही. बोट आपल्या पाठीच्या दिशेने जाते, म्हणून समोर फक्त आपण मागे टाकलेलं पाणी आणि काठावरची झाडं. जोडीदारीण पाठीमागे. वळून बघायचं तिने, आपण मान हलवायची नाही, नाहीतर बोट डळमळते. मागे कोण आहे, ते फक्त बोटीच्या वजनातून कळतं.

दुसऱ्या फेरीत बोट एकदम जड झाली. एका क्षणात. पुढच्या ओढ्याला अजून जड. मी ओरडले, "तनया, ओढ ना." काही फरक नाही. पुन्हा ओरडले, "ओढ, झोपलीस का?" मग तिसऱ्यांदा, इतक्या जोरात की काठावरचा एक माणूस थांबून बघायला लागला. मला राग आला होता, नम्रता. खराखुरा राग. मी इथे जीव तोडून ओढते आणि ही मागे बसून आराम करते आहे, असा.

"अगं ताई, जलपर्णी अडकलीये वल्ह्यात, काढतेय मी," तनया म्हणाली.

मी वल्हं पाण्यावर आडवं टाकलं आणि तशीच बसून राहिले. मोटरबोटीतून सर जवळ आले. "काय झालं, दम लागला?"

"नाही सर."

"मग डोळे पुसायला वर शेड आहे. इथे प्रवाह आहे."

धक्क्यावर आल्यावर तनया गेली आणि मी सरांना विचारलं. त्या दिवशी नम्रता ओरडली होती का?

ते वल्हं पुसत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, "ओरडली. ओरडणारच. ती सीटच तशी आहे."

"कधीपर्यंत?"

"बोट वाकडी जायला लागेपर्यंत. मग ती मागे वळली. वळली म्हणून बोट उलटली."

"तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"तू कधी विचारलंस?"

मी तीन वर्षं विचार करते आहे की तू का गेलीस. मला वाटायचं, तू घाबरलीस. मग वाटायचं, तुला माझा कंटाळा आला, एका आजारी बाईचं ओझं कोण घेणार. एकदा तर असंही वाटलं होतं, की माणसाला वाचवल्यावर त्याचं तोंड बघवत नाही, असं काहीतरी असेल. ही सगळी उत्तरं माझ्याभोवती फिरणारी होती. तू त्या सीटवर बसून काय केलं असशील, हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण मी त्या सीटवर कधी बसलेच नव्हते.

आता मी अंदाज करते आहे, आणि अंदाज चुकीचा असेल तर हे पत्र फेकून दे. तुला वाटतं, की मी मरत होते आणि तू मला ओढ म्हणून ओरडत होतीस.

मला लिहायला आवडलं असतं की तुझा आवाज मी ऐकला, त्याने मला धरून ठेवलं, वगैरे. नाही ऐकला. मला पुलाची सावली आठवते आणि नंतर दवाखान्याचं छत. मधलं काही नाही. तुझं ओरडणं माझ्यापर्यंत पोचलंच नाही. ते तुझ्याचकडे राहिलं, आणि तू ते घेऊन अमरावतीला गेलीस.

डॉक्टर कुसुमताईंना फोन केला. विचारलं, बेशुद्ध माणसावर कुणी ओरडलं तर हृदयाला काही अपाय होतो का? त्या म्हणाल्या, "ओरडण्याने माणसं गेली असती तर पुण्यात कोणी शिल्लक राहिलं नसतं." मग जरा थांबून, "कोण ओरडलं होतं?" मी म्हटलं, जिने बरगडी मोडली ती. "तिला सांगा, बरगडी अगदी योग्य जागी मोडली होती. तिच्या जागी कोणी हळुवार बाई असती तर तुमच्या तपासण्या मला कराव्या लागल्या नसत्या."

हे मी त्यांच्या शब्दांत लिहिलं आहे. माझी भर नाही.

तू शर्यतीला यावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. हे वाक्य तपासून पाहिलं. ते आज खरं आहे.

तुझी,
भाग्यश्री


वारजे, ४ नोव्हेंबर

नम्रता,

काल तू फोनवर जे बोललीस ते लिहून ठेवते, नाहीतर दोन दिवसांनी मी त्यात माझ्या सोयीचे फेरफार करेन. तुला पाठवते, चुकलं असेल तर दुरुस्त कर.

आम्ही जेवत होतो. फोन सुदर्शनने उचलला, नाव बघितलं आणि काही न बोलता माझ्या ताटाशेजारी ठेवला. पलीकडे तुमच्याकडचा कुकर शिट्टी देत होता.

मग तू म्हणालीस, "सरांनी तुला शिवीचं पण सांगितलं काय?"

"शिवीचं? नाही."

"मग राहू दे."

"काय शिवी दिलीस?"

"राहू दे म्हटलं ना वं."

मला हसू आलं आणि ते थांबेना. तूही हसलीस, आणि मग तुझं हसणं रडण्यात बदललं. सुदर्शन आमटी गरम करायला उठून गेला. ती गरमच होती.

नंतर तू म्हणालीस, "मी दवाखान्याच्या दारात आली होती. तू झोपली होती. तुझा हात चादरीवर असा मुठीत होता, वल्हं धरल्यासारखा. मला वाटलं, हिला अजूनही वाटते की मी ओरडून राहिली. आत नाही आली."

मी म्हटलं, सलाईन होतं गं. सलाईन लावलं की हात तसाच धरतात.

"आता समजलं," तू म्हणालीस. "तीन वर्षांनी."

शर्यतीचं मी काढलं नाही, तू काढलंस. "मी गोल झाली आहे, आधीच सांगते. वल्ह्याला हात लावला नाही तेव्हापासून." आणि मग, "एक अट. मी मागं बसीन. तू पुढं. तू मला दिसली पाहिजे."

मी हो म्हटलं. आता विचार करते आहे, की लय मी धरायची आणि मला ती कधी धरता आलेली नाही. पण हो म्हटलं ते म्हटलं.

तुमच्या जिममध्ये मशीन आहे म्हणालीस. पहिले पंधरा दिवस जोर लावायचा नाही. परत सरकताना घाई करायची नाही. फोड आले तर सुदर्शन म्हणतो, भाजी तू चिरू नकोस.

नावं दिली. दोघींची.

भाग्यश्री


वारजे, १५ डिसेंबर, सकाळ

नम्रता,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तू हॉलमध्ये गादीवर झोपली आहेस, घोरते आहेस, आणि मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून लिहिते आहे, कारण बसलं की उठवत नाही. मांड्या दगड झाल्या आहेत.

काल काय झालं ते डायरीत लिहिणार होते. पण जिच्याबद्दल लिहायचं ती दहा पावलांवर असताना डायरीत लिहिणं चोरून बोलल्यासारखं वाटलं.

आपण चारांत तिसऱ्या आलो. हे पहिलं लिहून टाकते, म्हणजे पुढे मी काही सजवलं तरी आकडा राहील.

सुरुवातीला आपण शेवटच्या होतो, आणि त्याचं कारण तुझं तोंड. निघाल्यापासून दर दोन ओढ्यांना तू मागून विचारत होतीस, "आहेस ना?" मी म्हणायचे, "आहे." पुन्हा, "आहेस ना?" पुन्हा, "आहे." माझा अर्धा श्वास उत्तरं देण्यात चालला होता. बाजूच्या बोटीतल्या बायका पुढे निघून गेल्या, त्यातली एक हसत होती. काठावरून सर काहीतरी ओरडले. बहुतेक, शर्यत आहे की हजेरी.

तुला वाटत असेल मी रागावले. तसं नव्हतं. तू विचारत होतीस तोवर मला कळत होतं, की तू वल्हवत नाही आहेस, तू माझ्यावर पहारा देते आहेस. पहारा मी ओळखते. रात्री छातीवर हात ठेवून मी तोच देत होते. त्याने कुणाचं काही राखलं जात नाही. बोट जड होते, इतकंच.

अर्ध्यावर मी म्हटलं, "नम्रता, गप्प बस आणि ओढ."

एक ओढा रिकामा गेला. मला वाटलं, बोलायला नको होतं. मग बोट हलली. इतक्या वर्षांनी, पाठीमागून तू. मागे तू ओढलंस की पुढे बसणारीला काय होतं, ते मला ठाऊक नव्हतं. सीटखालून पाणी सरकत जातं आणि आपण काही करतोय असं वाटतच नाही. वीसेक वर्षं मी तुला हेच देत होते का? असेन, तर मला त्याबद्दल कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

ती हसणारी बाई मागे पडली, हे मी पाहिलं. पुढच्या सीटवरून मागे पडलेलेच दिसतात, तेवढा फायदा.

संपल्यावर पट्टा वाजत होता आणि मी तो काढून टाकला. ठोके जोरात होते. ते वल्हवल्याचे होते. भीतीचे नव्हते, मी काळजीपूर्वक तपासलं. तू वल्हं सोडून पुढे वाकलीस, माझ्या पाठीला कपाळ टेकवलंस आणि म्हणालीस, "मेली मी." बोट डळमळली. मी म्हटलं, सरळ बस, उलटेल. तू म्हणालीस, उलटू दे. पण सरळ बसलीस.

काल रात्री सुदर्शनने विचारलं, पुढच्या वर्षीचं काय. तू म्हणालीस, आधी मला जिना उतरता येतो का ते उद्या बघू.

मला तुला अजून एक विचारायचं होतं, ती शिवी कोणती होती ते. पण आत्ता घोरणं थांबलंय आणि तू गादीवरून माझ्या नावाने काहीतरी पुटपुटते आहेस. चहाचं असावं. आलं घालून टाकते.